पोस्ट आजची, दिसते परवा: ॲपच्या नव्या रूपाला पाचपैकी दोन स्टार

आधी निकाल सांगते, मग कारणं. पाचपैकी दोन स्टार. एक अक्षरं मोठी केली म्हणून, आणि दुसरा कंपनीच्या त्या मुलाला, ज्यानं फोनवर माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं. बाकीचे तीन स्टार पुढे काय बदल होतात ते बघून.

ॲपचं नाव मुद्दामच लिहीत नाही. नाव आलं की "ते काढून टाका, हे घ्या" अशी भांडणं सुरू होतात आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. फोटो टाकायचे, छोटे व्हिडिओ टाकायचे, लोकांनी बघून मेसेज करायचे, त्यातलंच एक. माझं कोथरूडला घरगुती पोळी-भाजी केंद्र आहे. रोजच्या डब्यांची गिऱ्हाइकं बांधलेली आहेत, त्यांना ॲप लागत नाही, त्यांना आमचा जिना माहीत आहे. पण सणावाराच्या ऑर्डरी, म्हणजे गुळपोळी, पुरणपोळी, उकडीचे मोदक, दिवाळीचा फराळ, या बऱ्याचशा तिथूनच येतात. फुकट वापरता आणि वर नावं ठेवता, असं कोणी म्हणेल. फुकट कसलं? माझ्या दोन मोदकांच्या फोटोंमध्ये तिसरी जाहिरात कोणाची तरी असतेच की. ती बघायला गिऱ्हाईक माझ्या मोदकांमुळेच आलेलं असतं.

तर, संक्रांतीच्या जरा आधी ॲप उघडलं तेव्हा वर एक पट्टी आली. "आम्ही बदलतोय. नवं रूप सगळ्यांच्या आधी वापरून बघा आणि मत कळवा." मी "ठीक" दाबलं नव्हतं, तरी नवं रूप आलं. सूनबाई हिंजवडीला ॲपच्याच कामात आहे (दुसऱ्या कंपनीत, म्हणून मोकळेपणानं बोलते). ती म्हणाली, "आई, याला ए-बी टेस्ट म्हणतात. निम्म्या लोकांना जुनं दाखवायचं, निम्म्यांना नवं, आणि कोण काय करतं ते बघायचं." म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला सांगलीत जुनं आणि मला पुण्यात नवं. आठवडाभर आम्ही दोघी फोनवर "अगं खाली उजवीकडे बघ", "अगं तिथे काहीच नाही" करत बसलो. तिला वाटलं माझ्या डोळ्यांचं काहीतरी झालंय.

फोटोचं आधी सांगते, कारण त्याचा फटका पहिल्याच दिवशी बसला. प्रोफाइलवर पूर्वी चौकोनी फोटो दिसायचे. आता उभे दिसतात, म्हणजे जुन्या चौकोनी फोटोंच्या दोन्ही बाजू कापल्या जातात. इन्स्टाग्रामनं जानेवारी २०२५ मध्ये हेच केलं होतं, तेव्हाही लोकांनी आरडाओरडा केला होता, त्यामुळे कल्पना काही नवी नाही. नाचणाऱ्या माणसाचा फोटो उभा चालतो, माणूस मुळात उभाच असतो. पण ताट गोल असतं. आणि आपल्या ताटात डावी-उजवी बाजू ठरलेली असते. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, आमटीची वाटी. मधे वरण-भाताची मूद आणि पोळी. आता दोन्ही बाजू कापल्यावर राहिलं काय? वरण-भात आणि पोळी. माझ्या पेजवर रांगेनं वरण-भात दिसायला लागले. पंचामृत, भरली वांगी, मटकीची उसळ, ज्यासाठी लोक माझ्याकडे येतात ते सगळं कडेला, म्हणजे बाहेर. नवं गिऱ्हाईक बघून म्हणेल, या बाईंकडे आजाऱ्याचं जेवण मिळतं.

त्याहून मोठी गंमत भावांच्या पाटीची. भाचीनं संक्रांतीचं छान पोस्टर करून दिलं होतं. डावीकडे पदार्थ, उजव्या कडेला भाव. गुळपोळी ₹४५. कापून राहिलं ₹४. एकानं मेसेज केला, "शंभर गुळपोळ्या द्या." मी खुशीत भाव सांगितला तर म्हणाला, "पेजवर चार लिहिलंय." मी म्हटलं, पोस्ट उघडून बघा. त्यानं उघडून बघितलं आणि मग हसला, पण घेतल्या दहाच. मार्केट यार्डात गुळाचा काय भाव चाललाय हे त्या कापाकापी करणाऱ्याला कोणी सांगावं?

आपोआप उत्तराबद्दल थोडक्यात. गिऱ्हाइकानं काही विचारलं की तुमच्या वतीनं ॲपच उत्तर देणार, तुम्ही झोपला असाल तरी. सोय चालू करण्याआधी नमुना दाखवतात. नमुन्यात प्रश्न होता, "एकादशीला काही मिळेल का?" उत्तर आलं की नक्की, आमच्याकडे सर्व पदार्थ ताजे मिळतात, आमची कांदा भजी विशेष लोकप्रिय आहेत. मी बंद करून टाकलं. ज्यांना चालू ठेवायचं त्यांनी ठेवावं, पण कोथरूडात एकादशीला कांदा भजी खपवणारीचं केंद्र किती दिवस चालेल ते बघून घ्यावं.

आवडलेलंही सांगते, नाहीतर मी नुसती कुरकुरी ठरेन. फोटोखालच्या मजकुराची अक्षरं मोठी करता येतात आणि कमेंटमध्ये बोलून ठेवता येतं. माझी निम्मी गिऱ्हाइकं साठीच्या पुढची आहेत. डहाणूकर कॉलनीतल्या एक आजी आता टाइप करत नाहीत, सरळ बोलतात, "अगं, मागच्या वेळी आमटीत गोडा मसाला कमी होता गं." सगळ्यांना ऐकू येईल असं बोलतात हा भाग वेगळा. पण सोय खरंच चांगली आहे, हिच्यासाठी पहिला स्टार.

आता खरं दुखणं. क्रम.

जुन्या रूपात वरच एक टॅब होता. तो दाबला की तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांच्या पोस्ट तारखेप्रमाणे दिसायच्या, सगळ्यात नवी सगळ्यात वर. माझ्या बऱ्याच गिऱ्हाइकांना मी स्वतः, दारात उभं राहून, त्यांच्या फोनवर तो लावून दिला होता. नव्या रूपात तो टॅब मेनूच्या आत, सेटिंगच्या पोटात गेलाय. शोधून लावलाच, तरी ॲप बंद करून पुन्हा उघडलं की परत "तुमच्यासाठी" म्हणून त्यांनी निवडलेलं दिसतं. दर वेळी नव्यानं लावायचं. कोण लावणार?

याचं काय होतं ते भोगीला कळलं. भोगी १३ जानेवारीला. मंडईत आदल्या दिवसापासूनच भोगीचे वाटे लागतात, घेवडा, पावटा, वांगी, गाजर, ओला हरभरा, ओल्या शेंगा, वर चार बोरं. मी ११ तारखेला संध्याकाळी पोस्ट टाकली, भाजीचा फोटो, बाजूला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. उद्या रात्री आठपर्यंत ऑर्डर द्या, १३ ला सकाळी अकरा ते एक घेऊन जा. फोटो चांगला आला होता, तीळ भाकरीवर एकेक मोजता यावेत असा. लाइक भरपूर पडले. आणि तिथेच घोळ झाला. ज्या पोस्टला लाइक जास्त, ती लोकांना आवडते, असं त्या यंत्राचं गणित, म्हणून ती आणखी लोकांना दाखवली. १४ ला. १५ ला. संक्रांतीच्या संध्याकाळी माझ्या जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन, "अहो ताई, तुमची भोगीची पोस्ट आत्ता दिसली हो. भाजी शिल्लक आहे का?"

संक्रांतीच्या संध्याकाळी भोगीची भाजी! आणि त्याच दिवशी सकाळी मी टाकलेली "गुळपोळी तयार आहे, आज चारपर्यंत" ही पोस्ट त्यांना दिसलीच नाही. नव्या पोस्टला लाइक पडायला वेळ लागतो, आणि लाइक पडल्याशिवाय ती वर येत नाही. जोवर वर येते तोवर चार वाजून गेलेले असतात. ज्यांना गुळपोळी हवी होती त्यांना भोगी दिसली, आणि माझ्याकडे रात्री गुळपोळ्यांचा डबा शिल्लक. गुळपोळी टिकते म्हणून निभावलं. उकडीचे मोदक असते तर?

लोकांना वाटतं तारखेप्रमाणे क्रम हवा म्हणणारे म्हणजे जुनं ते सोनं म्हणणारे. तसं नाहीये. कोणाला साडी विकायची असेल तर ती पोस्ट परवा दिसली काय आणि आज दिसली काय, साडी तीच. माझा माल शिळा होतो. सकाळचा भाजीवाला, आज संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम ठेवणारा, हरवलेलं कुत्रं शोधणारा, उद्या पाणी येणार नाही असं सोसायटीला कळवणारा, या सगळ्यांच्या पोस्टला मुदत असते. दुधाच्या पिशवीवर तारीख असते आणि दुकानदार आजची पिशवी सोडून परवाची पुढे करत नाही, करायला लागला तर आपण दुकान बदलतो. इथे दुकान बदलायचं तर गिऱ्हाइकं मागे राहतात, ही अडचण.

मत कळवायचं म्हणून फॉर्म उघडला. पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. "नवं रूप तुम्हाला किती आवडलं?" मी रडका दाबला. पुढचा प्रश्न, "कोणता बदल सर्वांत जास्त आवडला?" चार पर्याय. "एकही नाही" हा पर्याय नाही, आणि काहीतरी निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग "नव्या रूपाबद्दल मित्रमैत्रिणींना सांगाल का?" सांगते आहेच. क्रमाबद्दल अख्ख्या फॉर्ममध्ये एकही प्रश्न नव्हता. रंग विचारले, बटणांचा आकार विचारला, चिन्हं गोल हवीत की चौकोनी ते विचारलं. म्हणजे घर पाडायचं ठरलंय, पडद्यांचा रंग तुम्ही सांगा.

फॉर्मच्या शेवटी "आमच्याशी बोलायला आवडेल का?" असा चौकोन होता, त्यावर टिक केली आणि विसरून गेले. तर खरंच फोन आला. व्हिडिओ कॉल. मुलगा मूळचा नागपूरचा निघाला, त्यामुळे मराठीतच बोललो.

"काकू, ॲप उघडल्यावर तुम्हाला पहिल्यांदा काय वाटतं?"

"घाई."

"म्हणजे?"

"म्हणजे कुकरच्या शिट्ट्या चालू असतात आणि मला ऑर्डर आली का तेवढंच बघायचं असतं. नव्या रूपात आधी कोणीतरी नाचतं, मग मांजर येतं, मग जाहिरात, आणि मेसेज कुठेतरी वर कोपऱ्यात."

तो हसला, पण लिहून घेत होता. मला स्क्रीन दाखवायला लावली, मी टॅब शोधताना कुठे कुठे बोट जातं ते बघत बसला, मधे एकदाही "काकू, तिथे नाही" म्हणाला नाही. हे शिकवलेलं असतं म्हणे, सांगायचं नाही, चाचपडू द्यायचं. भोगीचा किस्सा सांगितला तेव्हा मात्र त्यानं पेन ठेवलं. मग मी माझी सूचना सांगितली. पोस्ट टाकताना मुदत लावायची सोय द्या. आठ वाजले की पोस्टवर आपोआप "ऑर्डर बंद" असा शिक्का, आणि त्यानंतर ती कोणाच्याही पुढे ढकलायची नाही. पेजवर राहू दे, लोकांनी येऊन बघावी, पण तुम्ही होऊन दाखवू नका.

"काकू, हे चांगलं आहे," तो म्हणाला. "पण माझ्या प्रश्नावलीत याला जागा नाही. 'इतर'मध्ये टाकतो."

"'इतर'मध्ये किती मावतं?"

"दोनशे अक्षरं."

मग आम्ही दोघांनी मिळून दोनशे अक्षरांत बसवलं. दुसरा स्टार याच्यासाठी.

सूनबाईला सांगितलं तर ती फारशी हुरळली नाही. म्हणाली, "आई, तुम्ही काय म्हणता ते बघतात, पण तुमचं बोट काय करतं ते आधी बघतात." तिनं सांगितलेला इतिहास मला माहीत नव्हता. फेसबुकनं सप्टेंबर २००६ मध्ये न्यूज फीड, म्हणजे ओळखीच्यांच्या घडामोडी एका रांगेत दाखवणारं पान, आणलं तेव्हा लाखो पोरं त्याच्या विरोधात गट करून बसली. कंपनीनं काय दिसावं काय नाही याच्या चार कळा दिल्या, फीड तसंच ठेवलं. कारण शिव्या देतादेताच लोक पूर्वीपेक्षा जास्त वेळ तिथे काढत होते. पुढे २००९ मध्ये त्याच कंपनीनं सांगितलं की नियम बदलायचे तर वापरणाऱ्यांचं मतदान घेऊ. मात्र मतदान बंधनकारक कधी? एकूण वापरणाऱ्यांपैकी तीस टक्क्यांहून जास्त लोकांनी मत दिलं तर. डिसेंबर २०१२ मध्ये हे मतदानच रद्द करावं का यावर मतदान झालं. सुमारे ६ लाख ६८ हजार मतं पडली, त्यातली ५ लाख ८९ हजारांच्या आसपास रद्द करण्याच्या विरोधात. पण तेव्हा वापरणारे शंभर कोटींवर, म्हणजे हवी होती तीस कोटी मतं. झालं, मतदान रद्द. आमच्या सोसायटीच्या सभेत गणपूर्ती झाली नाही तर अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा सभा भरते. तिथे तेवढंही नाही.

म्हणजे ऐकतच नाहीत असंही नाही. इन्स्टाग्रामनं २०२२ मध्ये पूर्ण स्क्रीनभर व्हिडिओ दाखवायची चाचणी सुरू केली होती, ती जुलैअखेर मागे घेतली. पण तेव्हा तक्रार करणाऱ्यांत किम कार्दाशियन आणि कायली जेनर होत्या, त्यांचे फॉलोअर कोटींत. माझ्या फॉलोअरमध्ये सगळ्यात मोठं नाव म्हणजे आमच्या प्रभागाचे माजी नगरसेवक, आणि ते फक्त दिवाळीत चकल्या मागवतात.

आणि व्हॉट्सॲपचं तर आपण सगळ्यांनी बघितलं. जानेवारी २०२१ मध्ये नवे प्रायव्हसीचे नियम आले, ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा म्हणाले. गदारोळ झाला, लोक सिग्नल आणि टेलिग्रामवर पळाले, तारीख १५ मेपर्यंत पुढे गेली. आमच्या इमारतीचा ग्रुपही टेलिग्रामवर गेला होता. मग वॉचमन तिथे नाही, पाण्याचा टँकरवाला तिथे नाही, म्हणून हळूहळू सगळे परत. नियम काही मागे घेतले नाहीत. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये भारताच्या स्पर्धा आयोगानं त्यावरून मेटाला, म्हणजे व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीला, २१३.१४ कोटींचा दंड केला, तो वाद मग अपिलात गेला.

माझ्या क्रमाच्या दुखण्याला औषध कुठे सापडलं म्हणाल तर युरोपात. तिथे मोठ्या ॲपना कायद्यानंच सांगितलंय की तुमच्या आवडीनिवडी ताडून लावलेल्या क्रमाखेरीज दुसरा एक तरी पर्याय द्यायचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या कोर्टानं मेटाला पुढे हेही सांगितलं की माणसानं एकदा निवडलं की ते टिकलं पाहिजे, ॲप बंद करून उघडलं की पुन्हा मूळपदावर जायचं नाही. अगदी माझंच म्हणणं! तिकडे कोर्टात वकिलांनी मांडलं, मी दोनशे अक्षरांत.

आपल्याकडे २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे प्रत्येक मोठ्या ॲपला तक्रार निवारण अधिकारी ठेवावा लागतो. तक्रारीची पोच चोवीस तासांत, निकाल ठरलेल्या मुदतीत. मी त्या पत्त्यावरही सविस्तर ईमेल केला, भोगीच्या पोस्टचा स्क्रीनशॉट जोडून, फोन आलेली वेळ लिहून. पोच वेळेत आली, त्याबद्दल तक्रार नाही. मुदतीत उत्तरही आलं. आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, कृपया ते पुढील लिंकवर नोंदवावं. लिंक उघडली तर तेच पाच चेहरे.

तुमच्याकडे नवं रूप आलं असेल आणि तुमचाही माल मुदतीचा असेल, तर फॉर्म भराच. प्रोफाइल, वरच्या तीन रेघा, मदत, आणि अगदी तळाला "सुचवा". चेहऱ्यांवर वेळ घालवू नका, कोणताही दाबा. "इतर"च्या चौकटीत दोनच गोष्टी लिहा. तारखेचा क्रम एकदा लावला की टिकू द्या, आणि पोस्टला मुदत लावू द्या. खाली स्वतःचा एखादा खरा प्रसंग, तारीख-वेळेसकट. तो नागपूरचा मुलगा म्हणाला होता, "आवडलं नाही" असं हजार जणांनी लिहिलेलं एका ओळीत जातं, पण प्रसंग असला की तो तसाच पुढच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवतात.

पाडव्याच्या श्रीखंड-पुरीच्या ऑर्डरी मी ॲपवर घेणार आहेच, न घेऊन जाते कुठे. मात्र ज्यांचे नंबर आहेत त्यांना व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्टही जाईल, त्यासाठी माझा नंबर तुमच्याकडे सेव्ह असावा लागतो, तेवढं करून ठेवा. आणि भाचीला सांगून ठेवलंय, नव्या पोस्टरवर तारीख मधोमध, तिच्याखाली भाव, त्याखाली फोन नंबर. कडेला नुसती रांगोळी काढ, ती कापली गेली तरी चालेल.